परवान्याचे राज्य : सुरत जिल्ह्यातील माणसे आणि ट्रान्सवालची परवाना कचेरी



सुरतेत राहून मराठी शिकणाऱ्या मुलांपुढे इतिहासावर बोलायचे म्हटले, की दोन विषय आपोआप समोर येतात. एक, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या सुरतेवरील स्वाऱ्या. दुसरा, १९०७ ची सुरत काँग्रेस. दोन्हींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो त्या दुसऱ्या घटनेच्या अगदी शेजारी उभा आहे. पण आपले लक्ष तिकडे सहसा जात नाही.

२७ डिसेंबर १९०७ रोजी तापीकाठच्या मंडपात काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले. जहाल आणि मवाळ वेगळे झाले. दुसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, हजारो मैलांवर जोहान्सबर्गच्या न्यायालयात काही हिंदी माणसे आरोपी म्हणून उभी होती. त्यांच्यात त्याच न्यायालयात वकिली करणारे मोहनदास करमचंद गांधी होते. आरोप चोरीचा नव्हता, मारामारीचा नव्हता. या माणसांजवळ नोंदणीचा दाखला नव्हता, आणि तो घेण्यास त्यांनी नकार दिला होता. गांधींना अठ्ठेचाळीस तासांत ट्रान्सवाल सोडण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी पाळला नाही आणि १० जानेवारी १९०८ रोजी त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. सुरतेच्या मंडपात स्वराज्य कोणत्या मार्गाने मिळवावे यावर भांडण चालले होते. त्याच आठवड्यात जोहान्सबर्गला प्रश्न त्याहून साधा आणि त्याहून जवळचा होता : रस्त्याने चालणाऱ्या माणसाने आपण कोण आहोत याचा कागद पोलिसाला दाखवावा की नाही?

सुरत जिल्ह्याचा या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या हिंदी लोकांचे दोन मोठे वर्ग होते. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले गिरमिटिये हा पहिला वर्ग; यांत तमीळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी लोक बहुसंख्य होते. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या खर्चाने गेलेले व्यापारी, कारकून आणि फेरीवाले हा दुसरा वर्ग. त्यांत काठेवाड आणि सुरत या दोन भागांतील माणसांचा भरणा होता. सुरती मुसलमान, पारशी आणि गावोगावचे हिंदू कारागीर तेथे जाऊन दुकाने चालवीत, भाजीपाल्याच्या टोपल्या घेऊन दारोदार फिरत, आणि वर्षा-दोन वर्षांनी घरी पैसा पाठवीत. आपल्या कोकणातील मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदूही त्यांच्यात होते. या माणसांचे जगणे ये-जा करण्यावर चाललेले होते. बायकामुले गावी, दुकान परदेशी, माल डर्बनच्या बंदरात, गिऱ्हाईक जोहान्सबर्गात. अशा माणसाच्या वाटेत सरकारने परवान्याचे दार उभे केले, की त्याचा संसारच त्या दारात अडकतो.

हे दार एका दिवसात उभे राहिले नाही. बोअरांच्या राज्यात १८८५ चा तिसरा कायदा होताच. त्यान्वये आशियाई माणसाला ट्रान्सवालात जमीन घेता येत नसे आणि व्यापारासाठी स्थायिक व्हायचे तर पैसे भरून नाव नोंदवावे लागे. प्रिटोरियात काळ्या माणसाला रात्री नऊनंतर रस्त्यावर फिरायला पास लागे, आणि तो पास धन्याने नोकराला द्यायचा असे. १८९३ साली गांधी तेथे गेले, तेव्हा पेच पडला : ज्याला धनीच नाही, त्याला पास कोणी द्यावा? शेवटी सरकारी वकील क्राउझ यांनी त्यांना कोणत्याही वेळी बाहेर फिरता येईल अशी स्वतःच्या सहीची चिठ्ठी दिली. परवान्याच्या राज्याचे पहिले लक्षण येथेच दिसते. ओळखीच्या माणसाला मेहेरबानी मिळते. अनोळखी माणसाला हक्क मिळत नाही.

तरीही बोअरांच्या अमलात हे कायदे सैलपणे वापरले जात. खरा फास इंग्रजांनी आवळला. १८९९ ते १९०२ या काळात बोअर युद्ध झाले. युद्ध संपताच शांतता राखण्यासाठी म्हणून एक वटहुकूम निघाला. त्याचे कारण वरवर पाहता रास्त होते. देश उद्ध्वस्त झालेला, दुकानांत माल नाही, निर्वासित एकदम परतले तर उपासमार होईल. म्हणून प्रवेशासाठी परवाना हवा. मात्र गोऱ्या माणसाला हा परवाना मागताक्षणी मिळे. हिंदी माणसासाठी निराळे आशियाई खाते निर्माण झाले. त्याने अर्ज करायचा, युद्धापूर्वी आपण येथे राहत होतो हे सिद्ध करायचे, आणि उत्तराची वाट पाहत डर्बनला दिवस मोजायचे. युद्धात ज्याचे दुकान जळाले, कागद गेले, त्याने पुरावा कोठून आणावा? खुद्द गांधींना डर्बनचे पोलीस अधिकारी अलेक्झांडर यांच्या ओळखीमुळे परवाना मिळाला, आणि हा माणूस आपल्याला वळसा घालून आत आलाच कसा, म्हणून आशियाई खात्याचे अधिकारी चिडले.

जेथे हक्क कागदावर अवलंबून राहतो, तेथे कागदाला किंमत येते. ज्यांना प्रवेशाचा हक्क होता ते बाहेर तिष्ठत आणि ज्यांना नव्हता ते शंभर-शंभर पौंड मोजून आत येत, अशी तक्रार गांधींकडे येऊ लागली. त्यांनी पुरावे जमवले. दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला. त्यांतला एक पळून गेला होता, त्याला पकडून आणावे लागले. ज्यूरीने दोघांना निर्दोष ठरवले. पुढे सरकारनेच त्यांना नोकरीतून काढले. या प्रकरणाचा बोध दोन माणसांच्या लोभापुरता नाही. तपासनीस, दलाल आणि अर्जदार ही साखळी परवान्याच्या खिडकीपुढे आपोआप तयार होते. खिडकी बांधणारा नामानिराळा राहतो आणि वर हे लोक लबाडीने आत शिरतात असा ठपका अर्जदारावरच ठेवतो. पुढचा कडक कायदा याच ठपक्यावर उभा राहिला.

या खिडकीनंतर सरहद्द येई. डर्बनहून जोहान्सबर्गला जाणारी आगगाडी नाताळच्या चार्ल्सटाउनवरून ट्रान्सवालच्या फोल्क्सरस्टला पोचे. तेथे पोलीस डब्यात शिरून हिंदी उतारूंचे परवाने पाहत आणि परवान्यावरच्या अंगठ्याशी माणसाचा अंगठा ताडून पाहत. १९०६ साली पुनिया नावाची एक स्त्री आपल्या नवऱ्याबरोबर या वाटेने चालली होती. नवऱ्याजवळ परवाना होता. तिच्या नावाचा वेगळा नव्हता. तिला गाडीतून उतरवून अटक करण्यात आली. आपल्या घरातील बाई प्रवासाला निघाली आहे आणि लग्नाची बायको असल्याचा कागद तिच्याजवळ मागितला जातो आहे, ही कल्पना करून पाहा. म्हणजे त्या काळच्या हिंदी वस्तीत त्या बातमीने काय झाले असेल ते कळेल.

आता मी त्या अंगठ्याबद्दल थोडे सांगतो, कारण त्याचा प्रवास आपल्या देशातून सुरू होतो. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या काळात बोटांच्या ठशांचे वर्गीकरण तयार झाले आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. हेच हेन्री १९०० साली पोलीसव्यवस्था लावण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवले गेले. हिंदुस्थानात सिद्ध झालेले साधन असे हिंदी माणसाच्या मागोमाग समुद्र ओलांडून गेले.

२२ ऑगस्ट १९०६ रोजी ट्रान्सवालच्या गॅझेटमध्ये नव्या वटहुकुमाचा मसुदा आला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी स्त्री-पुरुषाने व मुलाने पुन्हा नाव नोंदवावे, जुने दाखले परत करावेत, दहाही बोटांचे ठसे द्यावेत. पोलीस मागेल तेव्हा, मागेल तेथे दाखला दाखवावा. त्यासाठी पोलिसाला घरातही शिरता यावे. दाखला नसेल तर दंड, कैद किंवा हद्दपारी, असा त्याचा आशय होता. गांधींनी हेन्री यांचे पुस्तक पाहिले, तेव्हा दहा बोटांचे ठसे कायद्याने केवळ गुन्हेगारांचेच घेतले जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच एका सबंध समाजाला गुन्हेगाराच्या वहीत बसवण्याचा हा बेत होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एंपायर नाट्यगृहात सुमारे तीन हजार माणसे जमली आणि हा कायदा न पाळण्याची त्यांनी शपथ घेतली. स्त्रियांची नोंदणी सरकारने मागे घेतली. बाकीचा कायदा ट्रान्सवालला स्वायत्तता मिळताच १९०७ साली दुसरा कायदा म्हणून मंजूर झाला आणि १ जुलैपासून प्रिटोरियात परवाना कचेरी उघडली.

त्या कचेरीच्या दारात जे घडले ते वाचण्यासारखे आहे. हिंदी समाजाने तेथे स्वयंसेवक उभे केले. त्यांत बारा ते अठरा वर्षांची मुलेही होती. कोणाशी उर्मटपणे बोलायचे नाही, शिवीगाळ करायची नाही. ज्याला नाव नोंदवायचेच असेल त्याला अडवायचे नाही, उलट सुखरूप आत पोचवायचे, अशी त्यांना ताकीद होती. काहीजण लाजेने दिवसा येईनात. तेव्हा अधिकाऱ्यांनी रात्री नऊ-दहा वाजता एका खासगी दुकानात जाऊन त्यांचे अर्ज घेतले. सरकारने मुदत वाढवली, कचेरी गावोगाव फिरवली. तेरा हजारांच्या आसपास असलेल्या त्या समाजातून अखेरपर्यंत पाचशेच्या जवळपासच माणसांनी नावे नोंदवली.

या आकड्यामागे सोसणे होते. दाखला नाही म्हणून व्यापाराचा परवाना नाही. तो नाही म्हणून टोपली घेऊन बाहेर पडलेला फेरीवाला गुन्हेगार. १९०८ साली असे कित्येक फेरीवाले जाणूनबुजून विनापरवाना माल विकून तुरुंगात गेले. अहमद महंमद काछलिया या व्यापाऱ्याने लढ्याचे अध्यक्षपद घेताच गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडे सगळे देणे एकदम मागितले. काछलियांनी चळवळ सोडली नाही. दुकान धनकोंच्या स्वाधीन केले. १९१० साली हद्दपारीतून परतलेल्या नारायणस्वामी या सत्याग्रहीला एकाही बंदरात उतरू दिले नाही. शेवटी डेलागोआ बे येथे त्याचा मृत्यू झाला. परवान्याअभावी माणूस जमिनीलाही पारखा होतो, याहून वेगळे उदाहरण कशाला हवे?

या सगळ्यांत सुरतकरांनी विशेष ध्यानात ठेवावे असे एक नाव आहे. तापीच्या पलीकडे अडाजण आहे. आज तेथे उंच इमारती आहेत. त्या काळी ते गाव होते. तेथील सोराबजी शापुरजी अडाजणिया हे पारशी गृहस्थ नाताळात राहत होते. ते काही पुढारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. १९०८ च्या जानेवारीत जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली होती. हिंदी लोकांनी स्वेच्छेने नावे नोंदवावीत, मग कायदा रद्द होईल, असे गांधींनी तिच्यातून समजून घेतले होते. नोंदणी झाली, पण कायदा राहिलाच. तेव्हा इंग्रजी शिकलेल्या हिंदी माणसाला ट्रान्सवालात येण्याचा हक्क आहे की नाही, हे आपण स्वतः पारखून पाहतो, असे सोराबजींनी सरकारला आगाऊ कळवले आणि जून १९०८ मध्ये ते फोल्क्सरस्टची सरहद्द ओलांडून आत गेले. तेथे त्यांना अटक झाली नाही. जोहान्सबर्गात खटला झाला, सात दिवसांत निघून जाण्याचा हुकूम झाला. ते गेले नाहीत. २० जुलै रोजी त्यांना एक महिन्याची सक्तमजुरी झाली. पुढे ते पुनःपुन्हा तुरुंगात गेले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, दक्षिण आफ्रिकेत परतले आणि १९१८ साली तेथेच वारले.

सोराबजींच्या कृतीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. परवान्याच्या राज्यात माणसे सामान्यतः दोन प्रकारे वागतात : अर्ज करून वाट पाहतात, किंवा लपून आत शिरतात. दोन्हींत ते राज्य मान्य केलेले असते. सोराबजींनी तिसरी वाट घेतली. येण्याची तारीख सांगून, तोंड न लपवता ते दाराशी गेले. लपणे सोडले, की पहारेकऱ्याला आपल्याच कायद्याकडे पाहावे लागते.

१६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात सभा भरली. कायदा रद्द करण्यास नकार देणारी सरकारची तार घेऊन एक सायकलस्वार तेथे पोचला. मग तीन पायांच्या मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांहून अधिक दाखले टाकून, रॉकेल ओतून ते पेटवण्यात आले. लक्षात घ्या, हे दाखले त्या लोकांनी सहा महिन्यांपूर्वी स्वखुशीने घेतले होते. ओळख सांगण्याला त्यांचा विरोध नव्हता. सक्तीने संशयित ठरवले जाण्याला होता.

या लढ्यात महाराष्ट्राचा हात होता, हेही येथे सांगितले पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले १९१० पासून वरिष्ठ कायदेमंडळात हा प्रश्न मांडत होते. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते स्वतः केपटाउनला उतरले. सरकारने त्यांचे स्वागत केले, रेल्वेचा खास डबा दिला. ज्या गाड्यांत त्यांच्या देशबांधवांची तपासणी होई, त्याच मार्गांवरून ते पाहुणे म्हणून गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांपुढे त्यांनी मराठीत बोलावे असा गांधींनी आग्रह धरला आणि त्या मराठी भाषणाचा हिंदुस्थानीत अनुवाद स्वतः केला. वर्षभरात काळा कायदा आणि गिरमिटमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाईल, असे मंत्र्यांशी बोलून गोखल्यांना वाटले. ते झाले नाही. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजारांहून अधिक पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले चार्ल्सटाउनहून निघून फोल्क्सरस्टची तीच सरहद्द विनापरवाना ओलांडून गेली.

१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. पण इतिहास सांगताना जयघोषावर थांबून चालत नाही. अंगठ्याचा ठसा असलेला रहिवासाचा दाखला हा प्रवेशाचा पुरावा, हे त्या कायद्यातही राहिले. एका प्रांतातून दुसऱ्यात जाण्यासाठी हिंदी माणसाला परवाना लागे. तो नियम १९७५ साली सुटला. आणि आफ्रिकी माणसाच्या पासाविरुद्ध या लढ्याने आवाज उठवला नाही; उलट आम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवू नका, अशीच तेव्हाच्या हिंदी पुढाऱ्यांची भाषा होती. तो पास झुगारण्यासाठी २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे ६९ माणसांना गोळ्या झेलाव्या लागल्या आणि ते कायदे १९८६ पर्यंत टिकले.

आपल्या घरचे काय? ट्रान्सवालच्या बातम्यांनी हिंदुस्थान पेटला होता, त्याच काळात, १९११ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा अधिक कडक होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, आणि हद्द ओलांडण्यासाठी पास. सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत हेच चालले. जोहान्सबर्गच्या दहा ठशांनी ज्यांचे रक्त उसळले, त्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष सोलापूरच्या ठशांकडे गेले. त्या जमाती मुक्त झाल्या त्या १९५२ साली, स्वराज्य मिळून पाच वर्षांनी.

जगात इतरत्र हीच पद्धत आजही दिसते. पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिशांनी १९४५ साली आणीबाणीचे संरक्षण नियम केले. राज्यकर्ते बदलले, १९६७ नंतर व्याप्त प्रदेशांत इस्राएलच्या लष्करी अमलाने त्याच नियमांचा आधार घेतला. सुरुवातीला तेथील माणसांना ये-जा करण्याची सर्वसाधारण परवानगी होती. १९९१ साली ती रद्द झाली; मग प्रत्येकाला स्वतःचा परवाना मागावा लागू लागला आणि १९९३ पासून नाकेबंदी पक्की झाली. २००२ साली उभारणी सुरू झालेल्या भिंतीमुळे कित्येक शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात जाण्यासाठी परवाना काढावा लागतो. इस्राएल आपल्या नागरिकांच्या सुरक्षिततेचे कारण देतो, आणि हल्ल्यांत तेथील निरपराध माणसे मेली आहेत हे खोटे नाही. पण मजुराने पहाटे नाक्यावर रांग लावायची, रुग्णाने इस्पितळात जाण्यासाठी अर्ज करायचा, हे त्यातून निघालेले रोजचे जगणे पाहिले, की आपल्याला ट्रान्सवालचा वटहुकूम आठवतो. तोही शांतता राखण्यासाठीच होता.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक कागद जुलमी असतो असे मी म्हणत नाही. शाळेचा दाखला कोणाचे स्वातंत्र्य हिरावीत नाही. पण कोठे कागद मागितला जाऊ लागला, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने काही गोष्टी तपासाव्यात. तो कोणाला दाखवावा लागत नाही? तात्पुरता म्हणून आलेला नियम कधी संपणार, हे त्यात लिहिले आहे का? नकार मिळाला, तर दाद मागायला त्या खिडकीखेरीज दुसरी जागा आहे का? आणि सर्वांत अवघड : हाच कागद आपल्या शेजाऱ्याकडे मागितला जातो, तेव्हा आपण काय करतो? सोराबजी अडाजणियांच्या पिढीने पहिल्या प्रश्नांची उत्तरे तुरुंगात जाऊन दिली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ती पुरते देऊ शकली नाही. ते आपल्याकडे राहिले आहे.